ताई, पाणी घालू नका

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की हडपसर मागे पडतं आणि उरुळी कांचनच्या आसपास दोन्ही अंगांना रोपवाटिका सुरू होतात. गाडी थांबते ती एका मोगऱ्यासाठी. निघते तेव्हा डिकीत मोगरा एक आणि जाड, गुबगुबीत पानांची, वाटीएवढ्या कुंड्यांतली झाडं पाच-सात असतात. नर्सरीवाला कुंड्या वर्तमानपत्रात गुंडाळतो, पैसे मोजून घेतो आणि शेवटी सांगतो, "ताई, पाणी घालू नका."

"अजिबात नाही?"

"माती पार कोरडी झाली की मगच. बोट घालून बघायचं."

ताई मान डोलावतात. घरी पोचल्यावर झाडं प्रवासाने दमली असतील असं वाटून त्यांना आधी तांब्याभर पाणी घालतात.

आल्यागेल्याला पाणी विचारणं ही आपल्याकडची चांगली रीत आहे, पण सक्युलंट नावाची पाहुणेमंडळी नेमकी तिनेच मरतात. त्यातून घरात पाणी घालणारा हात एक नसतो. ताई सकाळी घालतात, सासूबाई पूजेच्या तांब्यातलं उरलेलं तीर्थ तिथेच रिकामं करतात, संध्याकाळी साहेब मोबाइलवर बोलता बोलता झारी फिरवतात, आणि कामाच्या मावशी "सुकलंय बिचारं" म्हणून जाता जाता मगभर ओततात. पंधरा दिवसांनी झाड आडवं होतं. चौघांचंही मत एकच पडतं, की कोणी पाणीच घातलं नसणार.

या झाडांचा हिशेब समजून घेतला तर बऱ्याच कुंड्या वाचतील. साधं झाड दिवसा पानांवरची बारीक छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि त्याच छिद्रांतून पाणी उडून जातं. कोरड्या मुलखात हा व्यवहार परवडत नाही. म्हणून कोरफड, पानफुटी, घायपात ही मंडळी दिवसभर छिद्रं मिटून बसतात, रात्री गारव्यात उघडतात, मिळालेला वायू आम्लाच्या रूपात साठवतात आणि उजाडल्यावर पुन्हा मिटून, साठवलेल्या मालावर उन्हात साखर बनवतात. जुन्या काळच्या गृहिणीने भाजीच्या पैशांतले चार आणे डाळीच्या डब्यात टाकत राहावं आणि अडीनडीला काढावेत, तशातली ही काटकसर. अशा घरात रोज कोणी पैशांचा पाऊस पाडायला लागलं तर डबा फुटणारच.

ही रात्रपाळी आधी कळली ती जिभेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात बेंजामिन हाइन नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याने पानफुटीची पानं दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चावून पाहिली. सकाळी ती आंबट लागली, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. (असा स्वभाव माणसांतही आढळतो, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) त्याने हे पत्राने इंग्लंडला कळवलं आणि १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने ते छापलं. आज वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या प्रक्रियेचं वर्णन असतं. त्याच्या मुळाशी भल्या सकाळी कुंपणावरची पानं चघळणारा एक सरकारी नोकर आहे.

पानफुटी मूळची मादागास्करची, पण तिचं आपल्याकडे इतकं बस्तान बसलं आहे की तिला परदेशी म्हणायला जीभ रेटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुलांनी वहीत मोरपीस आणि पानफुटीचं पान शेजारी शेजारी ठेवलं. मोरपिसाला पिल्लं होतील म्हणून वर्षभर वाट पाहिली. झाली ती पानफुटीला. पानाच्या कडेच्या खाचांतून पांढरी मुळं आणि मुगाएवढी दोन-दोन पानं फुटतात, तीही माती नाही, पाणी नाही अशा मराठी व्याकरणाच्या वहीत! जर्मन कवी गटे याला या झाडाचं इतकं वेड होतं, की तो मित्रमैत्रिणींना त्याची पानं भेट म्हणून पाठवत असे. आपल्याकडे हे झाड विकत घेणारा माणूस अजून दिसायचा आहे. पान मागून आणायचं, नाहीतर न मागता.

कोरफडीची गोष्ट जरा लांबेल, कारण तिने नावही मोठं कमावलं आहे आणि छळही तितकाच सोसला आहे. महाराष्ट्रात कित्येक दुकानांच्या दारावर मुळांसकट उपटलेली कोरफड उलटी टांगलेली असते, नजर लागू नये म्हणून. खाली मिरच्या-लिंबू दर आठवड्याला बदलतात, कोरफड मात्र तीच. माती नाही, पाणी नाही, डोकं खाली, खालून रिक्षांचा धूर, आणि तरीही महिनोन्‌महिने ती हिरवी राहते. एखादी तर टांगल्या टांगल्या शेंडा वळवून पुन्हा वर पाहायला लागते. त्याच दुकानदाराच्या घरी गॅलरीत, सुंदर चिनी मातीच्या कुंडीत, रोज पाणी मिळणारी तिची बहीण पावसाळ्यात कुजून जाते. यावरून दुकानदाराने काही निष्कर्ष काढल्याचं दिसत नाही.

मूळची ती अरबी द्वीपकल्पातली. हजारो वर्षं माणसांबरोबर फिरत राहिल्याने तिचं खरं माहेर नक्की कुठलं यावर बराच काळ वाद होता. नावावरूनही शर्यत झाली. १७६८ च्या एप्रिलमध्ये निकोलास बर्मन या डच शास्त्रज्ञाने तिचं 'ॲलो व्हेरा' असं बारसं केलं आणि अवघ्या दहा दिवसांनी लंडनच्या फिलिप मिलरने तिलाच 'ॲलो बार्बाडेन्सिस' हे नाव दिलं. नियमाप्रमाणे आधीचं नाव टिकलं. हरलेलं नाव मात्र आजही शाम्पूच्या बाटल्यांच्या पाठीवर बारीक अक्षरांत पोट भरतं आहे.

आयुर्वेदात ती कुमारी. कुमारी आसवाची बाटली असते त्याच कपाटात काळा बोळही सापडतो, म्हणजे कोरफडीच्या पानातून गळणारा पिवळा चीक आटवून केलेला कडूजहर खडा. पान कापलं की सालीलगत हा चीक असतो आणि मधे पारदर्शक गर. गर निरुपद्रवी. चीक मात्र जबर रेचक आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ साली चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या जुलाबाच्या औषधांतून तो काढून टाकायला लावला. जाणत्या बायका म्हणूनच पान कापल्यावर काही वेळ उभं ठेवतात, चीक निथळू देतात, मग धुऊन गर काढतात. पहाटे बागेच्या फाटकाशी दुधी, कारलं, गव्हांकुर यांच्या रांगेत कोरफडीचा रस पिणारी जी ज्येष्ठ मंडळी असतात, त्यांनी हे निथळणं झालं आहे की नाही ते विक्रेत्याला विचारून घेतलेलं बरं. न विचारता प्यायलेल्यांचा चालण्याचा वेग शेवटच्या फेरीत वाढलेला दिसतो.

कोरफडीच्या गोतावळ्यात पाचशेहून जास्त जाती आहेत आणि बहुतेक साऱ्या आफ्रिका, मादागास्कर, अरबस्तान या पट्ट्यातल्या. त्यांतली सगळ्यात देखणी 'ॲलो पॉलिफिला'. हिची पानं पाच रांगांनी भोवऱ्यात फिरतात. काही झाडं घड्याळाच्या दिशेने फिरतात, काही उलटी. ती लेसोथो या डोंगरी देशात, दोन हजार मीटरच्या वर, बर्फ पडणाऱ्या उतारांवर वाढते आणि तिथल्या सरकारने तिला संरक्षण दिलं आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे हिला गारवा मिळावा म्हणून महाराष्ट्राच्या माथ्यावर नेऊन ठेवलं तरी उंची कमीच पडते. तरीही ऑनलाइन बाजारात तिच्या बिया मिळतात, निळ्या, गुलाबी आणि जांभळ्या झाडांच्या फोटोंसकट. प्रत्यक्षात ती हिरवी असते. पेरल्यावर काय उगवेल ते पेरणाऱ्याचं नशीब.

दुसऱ्या टोकाला नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेतली वृक्ष-कोरफड. तिच्या फांद्या पोकळ करून तिथले सान आदिवासी बाणांचे भाते बनवत. केपचा डच गव्हर्नर सायमन व्हान डेर स्टेल याने १६८५ च्या प्रवासात हे नोंदवून ठेवलं आहे. दोन-तीन मजले उंच जाणारं हे झाड कोणी कुंडीतून सुरू करत असेल, तर वरच्या मजल्यावरच्यांना आधी कल्पना द्यावी.

गॅलरीसाठी खरी कामाची आहेत ती लहान भावंडं. वाघाच्या दातांसारख्या कडांची जुवेना, पांढऱ्या ठिपक्यांची अरिस्टाटा, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची व्हेरिगाटा. गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी या खटल्याच्या घराची वाटणी केली. अरिस्टाटा वेगळी निघाली, व्हेरिगाटा वेगळी, वृक्ष-कोरफडीने तर स्वतंत्र बिऱ्हाडच थाटलं. नर्सरीवाल्याने या निकालाची दखल घेतलेली नाही. त्याच्या लेखी सगळ्याच 'छोटी ॲलोवेरा, शंभरला दोन'. त्याच ट्रेमध्ये हॉवर्थिया आणि गॅस्टेरियाही मिसळलेली असतात आणि डोळे मिटून उचलावीत तर तीच. आफ्रिकेत ती झुडपांच्या आडोशाला, अर्ध्या सावलीत वाढतात. उत्तरेच्या गॅलरीत, ग्रिलमागे, वाळत घातलेल्या चादरींच्या सावलीत राहायची त्यांना जन्मापासून सवय आहे म्हणा ना.

घायपाताला कोरफडीची थोरली जाऊ समजणारे पुष्कळ आहेत. दोघींचं नातं फार लांबचं. कोरफड जुन्या जगातली, घायपात मेक्सिकोकडचं. पान मोडून पाहिलं तर कोरफडीत गर लागतो आणि घायपातात वाख, ज्याचे दोर वळतात. कोरफड दर वर्षी फुलते आणि शिंजीर पक्षी तिच्या नळ्यांत चोच घालून जातात. घायपात दहा, वीस, कधी तीस वर्षं गप्प बसतं, मग एकदाच वीस-पंचवीस फुटांचा दांडा आभाळात फेकतं, फुलतं आणि मरतं. एका हाउसिंग सोसायटीत असा दांडा उगवला तेव्हा तो नक्की कोणाच्या परवानगीने उगवला आहे, अशी विचारणा कमिटीच्या बैठकीत झाली म्हणतात. इतिवृत्त वाचून कायम होईपर्यंत झाड गेलेलं होतं.

आता 'जेड'. हे झाड घरात ठेवलं की पैसा येतो अशी समजूत असल्याने ते तिजोरीच्या, निदान लाइटबिलांच्या ड्रॉवरच्या दिशेला ठेवतात. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत जेड म्हणून बहुतेक वेळा जे देतात ते पोर्टुलाकारिया असतं. खरं जेड म्हणजे क्रासुला, त्याचं पान मोठं आणि जाड. पोर्टुलाकारियाचं पान नखाएवढं, देठ तांबूस. दक्षिण आफ्रिकेत हे हत्तींचं आवडतं खाद्य आहे. हत्ती फांद्या ओरबाडून खातो, खाली पडलेले तुकडे मुळं धरतात आणि झाड उलट पसरतं. लक्ष्मीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या घरात हत्ती येण्याची शक्यता जास्त, आणि लक्ष्मी-हत्तीचा जुना संबंध पाहता तक्रारीला जागा नाही.

बारसं, मुंज आणि साठीशांत यांच्या रिटर्न गिफ्टमध्ये हल्ली स्टीलच्या वाटीची जागा सक्युलंटने घेतली आहे. काचेच्या पेल्यात किंवा चहाच्या कपात, बुडाला भोक नाही, वर रंगीत खडे डिंकाने चिकटवलेले, आणि 'माझ्यावर प्रेम करा' अशी चिठ्ठी. वाटी निदान तीस वर्षं टिकायची. या कपात घातलेलं पाणी कुठेही जात नाही. खडे चिकटवलेले असल्याने बोट घालून माती बघायची सोयही नाही. निवडुंगाच्या डोक्यावर गरम गोंदाने कागदी फुलं चिकटवून विकणाऱ्यांबद्दल इथे काही लिहायचं तर संपादकांना कात्री लावावी लागेल.

काही लोक ही झाडं शोभेसाठी नव्हे, प्राणवायूसाठी घेतात. स्नेक प्लांट उशाशी ठेवलं की रात्रभर ऑक्सिजन मिळतो, असं सांगितलं जातं. वर सांगितलेली रात्रपाळी इथे नडते. रात्री ही झाडं कार्बन डायऑक्साइड घेतात हे खरं, पण ऑक्सिजन सुटतो तो उजेडात. हवा शुद्ध होण्याची कथा १९८९ च्या नासाच्या प्रयोगातून आली, आणि तो प्रयोग बंद पेट्यांत केला होता. अशा प्रयोगांचे आकडे २०१९ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी साध्या खोल्यांना लावून पाहिले. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याइतकं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहा ते एक हजार कुंड्या लागतील, असं उत्तर आलं. पुण्यातल्या वन बीएचकेत एवढ्या कुंड्या ठेवल्या तर माणसांना जिन्यात झोपावं लागेल. तिथली हवा तशीही बरी असते. खिडकी उघडणं स्वस्त पडतं.

परीक्षेचे दिवस म्हणजे जून ते सप्टेंबर. एचेव्हेरिया नावाची, दगडी कमळासारखी दिसणारी झाडं बहुतेक मेक्सिकोतली. मुंबईचा पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर. आषाढात खालचं एक पान पिवळट, पारदर्शक होतं. बोट लावलं की देठापासून सुटून हातात येतं, त्याच्या आत पाणीच पाणी. दुसऱ्या दिवशी तीन पानं. खोड बुडाशी काळं पडलेलं असतं आणि वरचा गुच्छ मात्र अजून फोटोत छान दिसत असतो. जी पावसातून वाचतात ती ढगाळ हवेत उजेडाकडे मान काढून लांबुळकी होतात, आणि जी त्यातूनही वाचतात त्यांच्या पानांच्या बेचक्यात कापसाच्या पुंजक्यांसारखे पिठ्या ढेकूण बसतात. मग घरातला एखादा निवृत्त गृहस्थ कान कोरायच्या काडीला स्पिरिट लावून, चष्मा कपाळावर चढवून, एकेक ढेकूण टिपत बसतो. याला वेळ लागतो आणि वेळ त्याच्याकडे असतो. माती अर्धी आणि जाड वाळू किंवा विटांचा चुरा अर्धा, बुडाला भोक, वर पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची आड, एवढं केलं तर निम्मी झाडं गणपती पाहतात.

पण ज्याला पावसाचा त्रास होत नाही असं एक सक्युलंट जवळजवळ प्रत्येक मराठी चाळीत आणि सोसायटीत आहे. त्याला कोणी सक्युलंट म्हणत नाही. ते म्हणजे ब्रह्मकमळ. श्रावणाच्या आगेमागे कळी मान वर करायला लागते आणि व्हॉट्सॲपवर निरोप सुटतात: 'आज रात्री फुलणार, सर्वांनी यावे.' नऊ वाजता काकू गॅलरीतली कपड्यांची दोरी काढतात. साडेदहाला पाकळ्या हलल्याचा भास सर्वांना होतो. अकराला हळदकुंकू वाहिलं जातं, कॉफी होते, "आमच्याकडे मागच्या वर्षी तेवीस आली होती" असं कोणीतरी म्हणतंच, आणि बाराच्या सुमारास पांढराशुभ्र पंजाएवढा पेला उघडतो. सुवास जिन्यापर्यंत येतो. सकाळी दूधवाला येतो तोवर फूल मान टाकून लोंबत असतं.

खरं ब्रह्मकमळ हिमालयात, सूर्यफुलाच्या कुळातलं, उत्तराखंडचं राज्यपुष्प. गॅलरीतलं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या दमट जंगलांत झाडांवर राहणारं निवडुंग आहे. 'पानातून फूल येतं' असं जे कौतुकाने सांगतात ते पान नसून चपटं खोड आहे, आणि फुलाची खरी वाट पाहणारे असतात निशाचर पतंग. ही माहिती रात्री बाराला, हळदकुंकू चालू असताना देऊ नये. पाऊस त्याला झेपतो तो याच कारणाने. ते पावसाच्याच जंगलातलं आहे. झाड घेताना रंग आणि आकार बघण्याआधी ते कुठल्या पावसातून आलं हे विचारलं, तर रोपांवरचा निम्मा खर्च वाचेल.

उलट ज्याला आपण परदेशी मानत नाही तो फड्या निवडुंगही अमेरिकेचाच. त्याची लाल बोंडं खाऊन जिभा रंगवलेली आणि सूक्ष्म काटे ओठांत घेऊन रडलेली पिढी गावोगाव आहे. या निवडुंगाच्या एका जातीवर ईस्ट इंडिया कंपनीचा डोळा होता. त्यावर पोसल्या जाणाऱ्या कोचिनील किड्यापासून किरमिजी रंग मिळतो आणि तो धंदा स्पेनच्या मुठीत होता. १७९५ साली ब्राझीलहून किडा आणला तो नेमका भलत्याच जातीचा. त्याने रंग काही धड दिला नाही, पण निवडुंग मात्र मन लावून फस्त केला. पुढे दक्षिणेत निवडुंगाचं रान मातलं तेव्हा हाच किडा मुद्दाम तिकडे नेऊन सोडला. तण खाण्यासाठी किडा मुद्दाम सोडल्याची जगातली पहिली यशस्वी घटना म्हणून शास्त्राच्या पुस्तकांत हा फसलेला धंदा नोंदला गेला आहे. कंपनीच्या वहीत तो कुठल्या खात्यावर पडला असेल कोण जाणे.

आणि अस्सल घरचं सक्युलंट? तेही आहे. शिवनेरी, पुरंदर-वज्रगड, सज्जनगड, कड्यांच्या चिरांत, जिथे शेळीचा पाय पोचत नाही तिथे शिंदळ माकुडी वाढते. महाराष्ट्राबाहेर जगात कुठेही नाही. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव तिला दिलं. साहेबांना ही कल्पना कशी वाटली ते समजत नाही. तिच्या जवळच्या भाऊबंदांना पानं जवळपास नसतातच. हिला मात्र पावसाळ्यात चक्क पानं येतात, उन्हाळ्यात ती झडतात आणि गुबगुबीत खोड कातळाला चिकटून वाट पाहत बसतं. अख्खा सह्याद्रीचा पाऊस तिच्या अंगावरून जातो आणि ती कुजत नाही, कारण कड्यावर पाणी थांबत नाही. संशोधकांनी छाटे लावून तिची रोपं केली, काही परत डोंगरात नेऊन लावली. फूल रुपयाएवढं, चांदणीच्या आकाराचं, गडद किरमिजी, त्यावर पिवळी नक्षी. वास मात्र माश्यांना पसंत पडेल असा. बारशाच्या रिटर्न गिफ्टसाठी तिला अजून तरी कोणी मागणी घातलेली नाही.